पडायचं कसं

फिनेलचा वास आला की मला कोपरखैरण्याच्या आमच्या जुन्या खोलीतली ती ओली लादी दिसते. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता पुन्हा पडले, तर चालणं विसरा." घरात सगळे दबकून वावरत. मी मात्र दहीहंडीच्या पथकात दुसऱ्या थरावर उभा राहणारा, म्हणजे पडण्यातला मोठा तज्ज्ञ! आईने लादी पुसली होती, लाईट गेल्यामुळे पंखा बंद, लादी काही वाळत नव्हती, आणि मी तिच्यावर उभा राहून पलंगावरच्या वडिलांना धडे देत होतो, "आण्णा, हात टेकायचा नाही, हनुवटी छातीला लावायची आणि कुशीवर पडायचं." "आरं, तू आधी नीट उभा ऱ्हा," ते म्हणाले. तेवढ्यात माझी टाच सरकली आणि मी नेमका हातच टेकला. मनगटातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो ऐकून वडील काठी न घेताच उठले. "आण्णा, बसा!" मी ओरडलो, पण त्यांचा पाय ओल्यात पडला होता आणि सावकाश पुढे सरकत होता. मी लोळत त्यांच्याखाली गेलो. ते धाडकन माझ्या पोटावर आले. मग वरून आवाज आला, "मला काय न्हाई झालं. तू हायस का?" आता आण्णा नाहीत, मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला टेकलोय. घरी कामवाल्या बाईंनी लादी पुसायला घेतली की पाय वर घेऊन बसतो. पडायचं कसं ते मला अजून तोंडपाठ आहे, पण खाली आडवं व्हायला घरात कुणी नाही.