अठ्ठी-दुर्रीवाला

शहाण्या माणसानं मूर्खाकडून हरू नये, आणि हरलाच तर घरी सांगू नये. मी हरलोही आणि सांगितलंही.

पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. सुटीत दुपारभर कूलरसमोर बसून मोबाइलवर पोकर खेळायचो. बायकोचं एकच म्हणणं होतं, आपल्या घरी जुगार चालणार नाही. मी दर वेळी तिला ऐकवायचो की हा जुगार नाही, याला अक्कल लागते. नशिबावर विसंबणारे ते गणपतीत तीन पत्ती कुटणारे लोक. हरले की नशिबाच्या नावानं बोटं मोडतात. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी तिनं अट घातली : अकलेचा खेळ असेल तर खुशाल खेळा, नशिबाचा निघाला त्या दिवशी ॲप काढायचं. मी एका पायावर तयार झालो. स्टाफरूममधल्या माणसांत वर्षभर काढल्यावर अक्कल चालवायला मला तेवढी एकच जागा उरली होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी एका मोठ्या स्पर्धेत शेवटच्या टेबलापर्यंत पोचलो. शेकडो गळले, नऊ जण उरले. त्यातला एक माणूस इथपर्यंत आलाच कसा, हे मला कळेना. काहीही पानं घेऊन बसायचा.

पोकरमध्ये प्रत्येकाला दोन झाकली पानं मिळतात आणि मधे पाच पानं सगळ्यांची मिळून उघडतात. माझ्या हातात एक्का आणि राजा होता. मधे राजा, अठ्ठी, चौका उघडले. राजाची जोडी झाली. मी दणदणीत बोली लावली. सगळे पळाले, हा थांबला. चौथं पान नव्वी. मी होतं नव्हतं ते सगळं पुढे सारलं. त्यानंही सारलं. मग दोघांची पानं उघडली. त्याच्याकडे अठ्ठी आणि दुर्री! असली पानं माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा टाकून देईल. उरलेल्या चव्वेचाळीस पानांपैकी फक्त पाच त्याच्या कामाची होती. शेवटचं पान दुर्री आलं. त्याच्या दोन जोड्या झाल्या, मी बाहेर.

पुढचे तीन आठवडे मी त्या एका डावाची चिरफाड केली. ॲपवर प्रत्येक डावाची नोंद राहते, ती छापून आणली. लाल पेनानं टक्केवाऱ्या लिहिल्या. धरमपेठेत सकाळी तर्री-पोहे खाताना दोन मित्रांना तो कागद दाखवला. हेही खेळायचे, म्हणजे हरायचे. एकानं कागदावर तर्री सांडली आणि म्हणाला, "तू बराबर खेळला बे. लक खराब होतं, अजून काय!" मला त्याची कीव आली. पण खरं सांगायचं तर मला तेवढंच ऐकायचं होतं, आणि ते असल्या माणसाकडून ऐकावं लागलं याचा जास्त राग आला.

एका संध्याकाळी बायकोनं भाजी निवडताना विचारलं, "मग ठरलं का? नशीब की अक्कल?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कसा अडकलोय. नशिबानं हरलो म्हणावं तर खेळ नशिबाचा ठरतो आणि ॲप जातं. अकलेचा खेळ म्हणावं तर अकलेत मी कमी पडलो, तेही अठ्ठी-दुर्री घेऊन बसणाऱ्या माणसापुढे. मी म्हणालो, "अभ्यास चालू आहे."

"बाबांना दाखवा," ती म्हणाली.

तिचे बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत केली, आता घरी असतात. शिक्षण सातवी. मी त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे कधी बोललो नव्हतो, काय बोलणार? पण पुढच्या रविवारी तिच्याबरोबर गेलो, कागद समोर ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. त्यांनी चष्मा लावून सगळं ऐकून घेतलं.

"जवाईबापू, हा तं शेवटचा डाव झाला. याच्या आंधीचे कुठी हायेत?"

"त्यात काही नाही हो."

"दाखवा तं."

मी मोबाइलवर काढून दिले. ते बोटानं हळूहळू एकेक सरकवत राहिले. बायको चहा घेऊन आली आणि तिथंच बसली.

"हा मानूस बाकीच्याइले सोडून देऊन राहिला," सासरे म्हणाले. "मोठी बोली आली का पानं टाकते. इथपासून पाहा, फक्त तुमच्यासंगं भिडून राहिला. काहून? तुमी त्याले काही बोलले काय?"

मी बोललो होतो. आधीच्या एका डावात तो अशीच काहीतरी फालतू पानं घेऊन आला होता आणि हरला होता. टेबलावर सगळ्यांना दिसेल असं लिहिता येतं. मी लिहिलं, गाढवाला गुळाची चव काय. त्यानं उत्तर दिलं नाही. तो डाव मी तीन आठवड्यांत एकदाही उघडला नव्हता. छापलाही नव्हता.

मी ते सांगितलं. सांगताना मला अजूनही ते वाक्य चांगलंच वाटत होतं. सासरे हसले नाहीत.

"कळमन्यात आमी रुमालाखाली हात घालून बोटाइनं भाव करत होतो. समोरच्यानं कितीबी कमी बोटं दाबली तरी हसाचं नाही, हा कायदा होता. हसलं का तो मानूस मंग भाव पाहत नाही, तुमाले पाहते."

बायकोचा चेहरा एकदम मोकळा झाला. खरंच आनंद झाला होता तिला.

"म्हणजे नशीब नव्हतंच! तुम्ही म्हणत होता तेच बरोबर, अकलेचाच खेळ आहे. मग खेळा की. फक्त एकदा म्हणा, चुकलं माझं."

दोन शब्द होते. समोर सातवी शिकलेला माणूस चष्मा पुसत बसला होता, आणि कुठल्यातरी गावात तो अठ्ठी-दुर्रीवाला. दोघांसमोर एकदम मान खाली घालायची होती. मी खूप प्रयत्न केला.

"नशीब," मी म्हणालो.

बायकोनं हात पुढे केला. मी फोन दिला. ॲप काढायला तिला एक मिनिटही लागलं नाही.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते हसले नाहीत.