गार्डच्या डब्यातलं बोचकं

माझ्या बायकोसाठी तिच्या आईने भुसावळहून पाठवलेलं बोचकं मी स्वतः गाडीतून उतरवून टाकलं, आणि वर ते आणणाऱ्या गार्डाला नियम शिकवले.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, आणीबाणीच्या वर्षातली. मी रेल्वेत नवा इंजिनिअर, पहिलीच नेमणूक लखनौला. त्या वर्षी सगळ्या देशालाच शिस्त लागली होती, मला जरा जास्त लागली. त्यात एका जुन्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मला गोऱ्या साहेबाच्या काळातली नियमांची पत्र्याची पाटी सापडली. प्रवाशाने कसं वागावं, नोकराने कसं वागावं, सगळं त्यावर होतं. घंटा झाली की उतारूंनी जागेवर बसावं, ड्रायव्हरशी गप्पा मारू नयेत, बायकांच्या डब्याजवळ पुरुषाने रेंगाळू नये. स्टेशनातल्या नोकराने कोटाचं वरचं बटणसुद्धा उघडं ठेवू नये. आणि गार्डाने आपल्याबरोबर झेंडे, दिवा आणि स्वतःची पेटी याखेरीज काहीही नेऊ नये.

दुसरा कोणी असता तर हसून पुढे गेला असता. मी ती पाटी पुसून घेतली, पाठ केली आणि रोज रात्री जेवताना बायकोला ऐकवू लागलो.

"अहो, ही पाटी गंजलीय," ती म्हणायची.

"नियम गंजत नाहीत."

"बरं. वरण वाढू?"

वरण वाढायची, पण स्वतः जेवायची नाही. तिला सहावा महिना होता आणि लखनौचं काही म्हणजे काही पोटात ठरत नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरीणबाईंनी लांबच्या प्रवासाला साफ मनाई केली होती. आईने यावं, तर सासरे पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, त्यांना सोडून ती कुठे जाणार? त्यामुळे ही लखनौच्या चारबाग स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या बंगल्यात, आई भुसावळला, आणि मधे आमच्याच खात्याचे रूळ.

तिला डोहाळे लागले होते ते कळण्याच्या भाकरीचे. ज्वारीत उडीद घालून दळलेलं ते करड्या रंगाचं पीठ लखनौच्या कुठल्या बनियाकडे मिळणार? मी एकदा दुकानात जाऊन वर्णन केलं. तो म्हणाला, "बाबूजी, आप सीमेंट तो नहीं ढूँढ रहे?"

सासरे रिटायर्ड गार्ड. गार्ड लोकांची एक जुनी रीत आहे, ती कुठल्या पाटीवर नाही. भुसावळचा गार्ड इटारसीच्या गार्डाकडे, तो झाशीच्या, तो कानपूरच्या, असं करत कुणाच्या घरचं काही असेल ते हातोहात पोचवायचं. बोचक्यावर नाव घालायचं नाही. कोणाचं आहे ते तोंडी सांगायचं, आणि अधिकाऱ्यासमोर ते नाव मरेपर्यंत उच्चारायचं नाही. बायको याच घरात वाढलेली. तिने आईला पत्र टाकलं. मला मात्र त्यातलं अक्षर सांगितलं नाही. का सांगावं? रोज रात्री मी तिला गार्डाने काय नेऊ नये तेच ऐकवत होतो.

त्या दिवशी मी कानपूरहून पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यात, गार्डजवळ बसून येत होतो. रूळ कुठे खाली बसलाय ते शेपटाच्या डब्यात बसलं की कंबरेला बरोबर कळतं, म्हणून आम्हाला तसं यावं लागे. गार्ड वयस्कर, लखनवी, पांढऱ्याशुभ्र गणवेशातला. मला बसायला देण्यापूर्वी त्याने रुमालाने बाक पुसला.

गाडी सुटली आणि थोड्या वेळाने मला वास आला. कंदिलाच्या रॉकेलचा, तापलेल्या लोखंडाचा, आणि या दोहोंच्या मधून लसणाच्या चटणीचा. शेंगदाणे घालून कुटलेल्या, आपल्याकडच्या चटणीचा. मला एकदम घर आठवलं. स्वयंपाकघरातला पाट आठवला, न्याहारीची भाकरी आठवली, आणि कुठल्याशा पुलापुढे गाडी जोरात दचकली ते टिपून घ्यायचंच राहून गेलं. मग मात्र माझा मलाच राग आला. कामावर असताना माणसाचं मन असं चळतं म्हणजे काय! पेटीमागे बघितलं, तर जुन्या पातळात बांधून शिवलेलं बोचकं.

"ये क्या है?"

"अमानत है, साहब."

"किसकी?"

"जिसकी है, उसी की, साहब."

मी पाटी म्हणायला सुरुवात केली. झेंडे, दिवा, पेटी. गार्डने सगळं अदबीने ऐकून घेतलं, अगदी मान हलवत.

"हुज़ूर बजा फ़रमाते हैं. बस चारबाग तक जाने दीजिए. किसी बिटिया का सामान है, पाँव भारी हैं उसके."

"नियम म्हणजे नियम," असं मी चक्क मराठीत म्हणालो. त्याला ते कळलं. पुढच्या लहान स्टेशनात गाडी थांबली तेव्हा मी ते बोचकं स्टेशनमास्तरांच्या हवाली केलं आणि बजावलं, लावारिस म्हणून जमा करून घ्या. गार्डने झेंडा दाखवून गाडी सोडली. मग मला ऊन लागतंय म्हणून खिडकी ओढून घेतली. लखनौची माणसं तुमच्यावर रागावली की जास्तच काळजी घेतात, हे मला पुढे कळलं.

चारबागला गाडी शिरली. प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला, जिथे शेवटचा डबा थांबतो तिथे, माझी बायको उभी होती. एवढं पोट सांभाळत, पदराने घाम टिपत. मला भरून आलं. लग्नाला दोन वर्षं झाली, पण कधी अशी स्टेशनवर घ्यायला आली नव्हती! मी टोपी सारखी केली, उडी मारून उतरलो आणि म्हणालो, "अगं, कशाला आलीस एवढ्या उन्हात माझ्यासाठी?"

तिने मला हाताने बाजूला केलं. कुली सामान सरकवतो तसं. आणि माझ्या मागे बघत विचारलं, "भैया, भुसावल से कुछ आया है?"

गार्डने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्या बिचाऱ्याला फक्त एवढंच सांगितलेलं होतं, की भुसावळच्या एका जुन्या गार्डाची पोटुशी लेक प्लॅटफॉर्मच्या टोकाला येईल. हा नियमवाला साहेब तिचाच, हे त्यालाही तेव्हाच कळत होतं. त्याने हात जोडले.

"आया तो था, बिटिया. साहब से पूछ लीजिए."

घरी पोचेपर्यंत रिक्षात ती कापडाची रिकामी पिशवी मांडीवर घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. दारात उतरल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या तिथे मला न्या."

"तू कशाला? मी आणतो. डॉक्टरीणबाई—"

"भुसावळला जाऊ देत नाहीत. तिथपर्यंत तरी जाऊ द्या."

पण दुसऱ्या दिवशी मला वरिष्ठांनी भलतीकडेच पाठवलं. तिला तिथे न्यायला चांगला आठवडा गेला. स्टेशनमास्तर भला माणूस. आम्हाला खुर्च्या दिल्या, मातीच्या कुल्हडांतून चहा दिला, आणि मग माझ्याकडे बघून अवघडून म्हणाला, "साहब, आप तो क़ायदा जानते ही हैं. लावारिस चीज़ है. पहले बताना पड़ेगा, अंदर क्या-क्या था."

मी बायकोकडे पाहिलं. तिने न बघता, बोटांवर मोजल्यासारखं सांगायला सुरुवात केली.

"लहसुन की चटनी."

स्टेशनमास्तर चुळबुळला. "खाने की चीज़ ख़राब हो जाती है, बिटिया. क़ायदे में लिखा है, स्टेशनमास्टर जो ठीक समझे. हमने ठीक समझा. लाजवाब थी."

"ज्वार के बड़े-बड़े पापड़." म्हणजे बिबड्या.

"वो भी," तो म्हणाला. "बच्चों ने."

"और आटा. काला-सा."

आता तो उठूनच उभा राहिला. "वो आटा था? हम समझे कोई मिलावट का माल है. गाय को डाल दिया."

खिडकीतून ती गाय दिसत होती. तुकतुकीत होती. माझ्या बायकोने तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने तिने माझ्याकडे कधीच बघितलेलं नाही.

"और एक साड़ी," ती हळूच म्हणाली. "पुरानी. उसी में बँधा होगा सब."

मास्तराचा चेहरा एकदम उजळला. तो घरात गेला आणि दोन्ही हातांवर ठेवून ते पातळ घेऊन आला. त्याच्या घरच्यांनी कौतुकाने धुऊन, नीळ घालून, इस्त्रीसारखी घडी करून ठेवलं होतं. बाळाची दुपटी आईच्या वापरलेल्या पातळाचीच करायची असतात. बायकोने ते घेतलं, नाकाशी धरलं आणि तशीच थांबली. मग पदर सावरून मास्तराला म्हणाली, "बहुत साफ़ धोया है. शुक्रिया."

परतीच्या गाडीत बाहेर गव्हाची शेतं पिवळी पडली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "निदान पातळ तरी मिळालं."

"साबणाचा वास येतोय," ती म्हणाली. "आईचा गेला."

त्यावर माझ्या पाटीत काही नव्हतं. भुसावळची हवा, चुलीचा धूर, सासूबाईंच्या केसांतलं तेल, एवढं सगळं झेंड्यांच्या आणि दिव्याच्या शेजारी बसून लखनौच्या वेशीपर्यंत आलं होतं. मला ते नाकाने कळलंही होतं! आजही कुठे गरम लोखंडाचा वास आला की पाठोपाठ मी लसणाचा वास शोधतो. तो येत नाही. आता गाड्यांना तसे गार्डचे डबेही राहिले नाहीत, आणि ती चटणी कुटणारे हातही.

त्या रात्रीपासून जेवताना पाटी बंद झाली. बायकोने आईला काय कळवलं ते मी विचारलं नाही.

दिवस भरत आले तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ, मी दाढीचा साबण लावून आरशासमोर उभा, तोच दार वाजलं. उघडलं तर तोच गार्ड. त्याच पांढऱ्या गणवेशात, वरचं बटण लावलेलं, आणि छातीशी धरलेलं नवं बोचकं. मी साबणाच्या तोंडाने हसलो आणि दोन्ही हात पुढे केले.

गार्ड एक पाऊल मागे सरला. "आदाब, साहब. मेमसाहब को बुला दीजिए."

"लाइए, मैं दे देता हूँ."

"नहीं, हुज़ूर. पहले एक बात कहनी है. मराठी में है. हमें मतलब नहीं मालूम, भुसावल से एक-एक गार्ड रटता हुआ लाया है."

बायको बाहेर आली. गार्डने बोचकं तिच्या हातात दिलं, मग शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधले, डोळे मिटले आणि म्हणून दाखवलं. उच्चार लखनवी होते, पण चाल सासूबाईंची होती. तोच "बरं का"वरचा हेल, तोच "बाबा" म्हणतानाचा दम, इटारसी, झाशी, कानपूर ओलांडून जसाच्या तसा आलेला. बायको हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, आणि बोचकं पोटाशी घट्ट धरून ती म्हणाली, "भैया, एक बार और बोलिए ना."

त्याने पुन्हा डोळे मिटले.

"माझ्या लेकीच्या हातातच दे बरं का, बाबा. जावई मधे आला तर त्यालाच खाली उतरव."