वळसा घालून जाणारे सलीमभाई

शबानाचा फोन आला तेव्हा मी लातुरात भाजी घेत होतो. “काका, अब्बांना मोटारसायकलनं उडवलं,” एवढंच ती बोलली. कोणत्या दवाखान्यात नेलंय, असं मी विचारलं आणि पलीकडून नुसतं रडू ऐकू आलं... हातातली पिशवी मी कुठं ठेवली, ते अजून आठवत नाही.

सलीमभाई ड्रायव्हर, मी कंडक्टर. लातूर-नांदेड गाडीवर आम्ही अर्धं आयुष्य सोबत काढलं. बायकोपेक्षा मी त्यांच्याशीच जास्त भांडलो असेन, आणि बहुतेक वेळा सायकलीवरून. पुढं सायकलवाला दिसला की ते गाडी इतकी हळू करायचे, की प्रवासी माझ्यावर खेकसायचे. मी म्हणायचो, “भाई, हॉर्न द्या की, सरकंल बाजूला.” त्यावर ते म्हणायचे, “बिचकून पडला म्हंजे? रस्ता त्याचाबी हाय.” वाटेत एकदा कडब्याच्या पेंढ्या लादलेल्या सायकलीमागं आमची वरातच निघाली होती. गाडी उशिरा पोचली, बोलणी मी खाल्ली, आणि हे आपले खाली उतरून निवांत चहा पीत होते!

निवृत्तीनंतर औशाला राहायला गेल्यावर त्यांनी स्वतःच सायकल घेतली. पुढं घरासमोरचा रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला. बाजाराला जायचं तर आधी बाजाराकडं पाठ करून दुभाजक जिथं तुटतो तिथपर्यंत जायचं आणि तिथून वळून यायचं. सगळी गल्ली सरळ राँग साइडनं घुसते. सलीमभाई मात्र रोज वळसा घालायचे. लोक हसायचे. शबाना तर चिडायची, “अब्बा, कोथिंबिरीच्या जुडीसाठी एवढी चक्कर मारताय!” ती स्वतः स्कूटी राँग साइडनंच दामटायची.

त्या सकाळी त्या वळणावर ते डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत होते. मोटारसायकल आली ती उजवीकडून, जिकडून कुणी यायलाच नको तिकडून.

मातीला जाण्याआधी अंगणात माणसं जमली होती. कुणीतरी हळहळत म्हणालं, “सगळ्यांसारखं राँग साइडनं गेले असते, तर वाचले असते बघा.” चार माना हलल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस गेला तो गेला, वर दोषही त्याच्याच शहाणपणाला! पण भांडायची ती जागा नव्हती. दारात शबाना उभी होती. तिनं ते ऐकलं होतं. मला तिचीच धास्ती वाटली... पोरीच्या मनात हेच बसलं, तर सलीमभाई दुसऱ्यांदा गेले.

मागच्या आठवड्यात भाभींची विचारपूस करून निघालो तेव्हा शबाना म्हणाली, “चला काका, स्टँडवर सोडते.” रस्त्याच्या कडेला येऊन तिनं स्कूटी थांबवली. राँग साइडनं गेलं तर स्टँड अगदी जवळ. मागं बसून मी नुसता तिच्या हँडलकडं बघत होतो. तिनं स्कूटी डावीकडं वळवली. वळणापाशी आल्यावर पाय टेकवला, डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं पाहतच राहिली.

“अब्बांनी इकडं बघितलंच न्हाई, काका,” ती म्हणाली. “इकडून कुणी येत नसतंय, असं धरून चालले ते.”

रस्ता केव्हाच मोकळा झाला होता. तरी ती पाय टेकवून उभीच होती, आणि मीही ‘चल’ म्हणालो नाही.