गजाची चार बोटं

राधानगरीच्या वरच्या अंगाला आमची भातशेती. रानडुकरं एका रात्रीत उभं भात लोळवायची, म्हणून घरात परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती भरायचे वडील. नळीत दारू, वर चिंधी, मग गोळी, आणि लोखंडी गजानं ठासणं. गोळी खाली टेकली का, हे ओळखायची घरची रीत एकच: गज नळीच्या तोंडाबाहेर चार बोटं उरला पाहिजे. जास्त उरला तर गोळी वरच अडकलीय, मध्ये पोकळी राहिलीय. अशी बंदूक उडवणाऱ्यावरच उलटते.

वडील काडीपैलवान. धाकटा चुलता तालमीतला, बोटं केळ्यांसारखी. नव्वदच्या दशकातल्या एका सुगीला वडील तापानं पडले आणि अंथरुणातूनच त्याला म्हणाले, "चार बोटं मोज आन् जा." कुणाची बोटं, हे सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार? नळीत जुनी काजळी होती, गोळी मध्येच घट्ट बसली. त्यानं आपली चार जाडजूड बोटं लावून बघितली, बरोबर भरली. बांधावर नळी फुटली आणि त्याचा डावा पंजा गेला.

दवाखान्यात तो म्हणाला, "दादा, चार बोटं मोजलीती की मी." वडील त्याच्या उरलेल्या हाताकडे बघत राहिले. तिथंच त्यांना कळलं, घरचं माप त्यांच्या काडीसारख्या बोटांचं होतं. मी शेजारी उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसला. पण गावात त्यांनी एकच सांगितलं, ह्यानं डुकराच्या हावेपायी दारू जास्त घातली. धार काढणारा, कुस्ती धरणारा माणूस हावरा ठरून घरी बसला.

पुढं एकदा मी माहेरी आले असताना वडील खरं सांगायला म्हणून त्याच्याकडे गेले. मीही गेले. "गड्या, त्या बोटांचं..." एवढं म्हणेपर्यंत चुलता बोलला, "दारूच जास्त झालती, दादा. सोडा की आता."

वडिलांनी सोडलं. घरी येऊन दोन भाकऱ्या चापल्या. मला त्या भुकेचा भयंकर राग आला, अजून येतो.

दोन हजार सालानंतर चुलता वारला. रक्षाविसर्जनाला जमलेल्या पावण्यांना वडील धरून धरून सांगायला लागले, चूक माझी होती. लोक म्हणाले, भावाच्या दुःखानं म्हातारा भ्रमला. चुलती तेवढी शेवटपर्यंत ऐकत उभी होती.

"भावजी," ती म्हणाली, "मी जलमभर त्यास्नी हावरा म्हणत आले."