आधीच बुजवलेलं भोक

भूमिका शहारे माझी भाडेकरू. अर्जुनी मोरगावला माझ्या घराची रस्त्याकडची खोली तिनं घेतली, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी मला विचारलं, पोरगी करते काय? मी सांगितलं, तलावांच्या पेट्या सांभाळते. लोक समजले, मासळीच्या. मी पुढं समजावत बसलो नाही. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत चौतीस वर्षं काढल्यावर एवढी अक्कल येते, की ज्याला ऐकायचं नाही त्याला सांगत बसू नये.

पेट्या म्हणजे लोखंडी डब्यातले छोटे संगणक. आमच्या भागातल्या अकरा तलावांवर त्या बसवल्या आहेत. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, खाली पाणी सोडायचं दार असतं, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. पूर्वी ते दार चाक फिरवून उचलायचे, आता मोटर उचलते आणि मोटरला हुकूम पेटी देते. पेटी बिघडली तर भूमिका इथं तिच्या खोलीत बसून ती दुरुस्त करते. सव्वीस वर्षांची पोर, वजन पायलीभर तांदळाएवढं, आणि हाताखाली अकरा तलाव.

ती धावडीटोल्याची. बाप बिसराम जंगलकामाला जायचा, आई निर्मलाबाई रोवणीला, निंदणीला, मिळेल त्या कामाला. शाळेनं मोडीत काढलेला एक संगणक बिसरामनं सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला, कारण पोरगी दोन दिवस त्याच्यासाठी जेवली नव्हती. तो तिनं खोलला, जोडला, परत खोलला. पुढं गोंदियाला डिप्लोमा केला, होस्टेलवर हिंदी शिकली, भांडण करायलाही तिथंच शिकली. दुनियाभरचे लोक मिळून जो कर्नल लिहितात त्यात तिनं सुधारलेल्या दोन ओळी आहेत आणि त्यांच्यापुढं तिचं नाव आहे. मला ते तिनं एकदाच दाखवलं. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं.

कर्नल म्हटल्यावर मला आधी मिशीवाला फौजी आठवला होता. ती हसली. मग म्हणाली, "काकाजी, मशीनचा गाभा तो. मोटर, कॅमेरा, फोनची लाईन, सगळं त्याच्या ताब्यात. बाकीचे प्रोग्राम त्याला विचारल्याशिवाय बोटसुद्धा हलवत नाहीत." आणि त्या गाभ्यात भोकं असतात. लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली, वर्षानुवर्षं कुणाला न दिसलेली. खेकडा पाळीला भोक पाडतो, तशी. भोक सापडलं की ते जगापुढं जाहीर होतं आणि सोबत बुजवायचा पॅच येतो. जाहीर झालं की चोरालाही कळतं आणि राखणदारालाही, मग जो आधी पोचेल त्याचं. म्हणून भूमिका सकाळी चहाच्या आधी ती यादी वाचायची. मी पेपर वाचायचो, ती भोकं वाचायची.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता असंच एक मोठं भोक जाहीर झालं. तिनं त्याच दिवशी अकराही पेट्यांत पॅच घातला. पण पॅच नुसता घालून भागत नाही. चालू असलेली पेटी जुनाच कर्नल घेऊन चालत राहते. ती बंद करून चालू केली, तरच नवा अंगात येतो. आणि पेटी बंद करून चालू केली की दार आधी पूर्ण खाली बसतं, मग मोजून वर येतं. त्यामुळं नियम असा, की हे काम तलावाच्या चौकीदारानं पाळीवर उभं राहून हातानं करायचं. दहा जणांनी संध्याकाळपर्यंत केलं. अकरावा खेमराज कापगते, धावडीटोल्याचा. त्यानं फोनवर सांगितलं, "झालं, माय." तिनं वहीत खूण केली.

तिनं तपासायला हवं होतं. पेटीला हुकमाची एक ओळ टाकली असती तर पेटी किती दिवस अखंड चालू आहे ते दिसलं असतं. पण खेमराजच्या शब्दावर अख्खं गाव पाणी वाटून घेतं. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ पाणी गेलं हे तो सूर्याकडं बघून सांगतो आणि भांडण मिटतं. भूमिका त्याच्या खांद्यावर बसून दिवाळीनंतरची मंडईची जत्रा बघायला गेलेली. अशा माणसावर तपासणी लावायची म्हणजे आपल्या मामाला पावती मागण्यासारखं तिला वाटलं.

आणि खेमराज खोटं बोलला होता. लबाडी म्हणून नाही. धावडीटोल्याची रीत अशी, की ऑक्टोबरात भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला शेवटचं पाणी सोडलं की शेवटची बांधी भिजेपर्यंत तुडूम खाली बसू द्यायचं नाही. शेवटची बांधी उदारामची, अडीच किलोमीटरवर. मधेच पाणी तुटलं तर पाट ते पिऊन टाकतो आणि उदाराम पुन्हा पहिल्यापासून वाट बघत बसतो. शिवाय पाणी तोडणाऱ्या चौकीदाराच्या हातून पाळ फुटते, असं म्हातारे सांगून गेलेत. एका पोरीच्या फोनवर खेमराज हे मोडणार नव्हता. पोरीला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणाला. पाणी पोचायला एकोणीस दिवस लागले.

विसाव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी बारा-साडेबाराला मी तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो होतो. आदल्या संध्याकाळी धावडीटोल्याचं दार खाली बसलं होतं. दार बसलं की दुसऱ्या दिवशी बाया खालच्या चरीत उतरतात, गाळ काढतात, साचलेल्या पाण्यातली मासळी टोपलीत धरतात. निर्मलाबाई दरवर्षी जायची. भूमिका हंगामाची नोंद उतरवून घ्यायला पेटीत शिरली आणि थांबली.

"मामा खोटं बोलले," ती म्हणाली. "एकशे एकतीस दिवस झाले, पेटी बंदच झालेली नाही."

म्हणजे एकोणीस दिवस भोक उघडं होतं. ती मनातल्या मनात दोघांनाही शिव्या देत असावी, त्याला आणि स्वतःला. मग नुकसान बघायला म्हणून तिनं भोकाची परीक्षा घेतली. आपणच चोर होऊन त्या भोकातून आत शिरायचं, एवढंच. आत जाता आलं नाही. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं.

"बुजलेलं आहे," ती म्हणाली.

"मग बरं झालं की," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. असं मला आजवर कुणी पाहिलेलं नाही आणि पुढं कुणी पाहू नये. "काकाजी, मी बुजवलं नाही. माझा पॅच अजून अंगात आलाच नाही. कर्नल जुनाच आहे. चालता चालता त्याच्या आत कोणीतरी बुजवलंय. माझ्यापेक्षा नीट."

मला कळेना, चोर घराची दुरुस्ती कायले करेल. तिनं सांगितलं. चांगला चोर आत आला की आतून कडी लावतो. दुसरा चोर येऊ नये म्हणून. घर आता त्याचं असतं, आणि तो ते आपल्यापेक्षा जास्त जपतो. ऑक्टोबरची दुपार, पंखा चालू, रस्त्यावरून एसटी गेली.

तिनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. खेमराजनं पहिल्या झटक्यातच कबूल केलं. "शेवटच्या बांधीत पानी पोचलं नव्हतं, माय. कसा तोडू? पन म्या म्हनलं तू तर रोज तपासून रायली ना, मंग का भेव हाये?"

"मी काय तपासत होती?"

"रोज सव्वा वाजता. दार दोन बोटं वर जाते, ठयरते, परत जागेवर येते. एक दिवस चुकलं नाई. म्या घरी बी सांगतलं, बिसरामची पोरगी ध्यान ठेवून रायली मनून."

भूमिकानं डोळे मिटले. ती रोज सव्वा वाजता माझ्या स्वयंपाकघरात माझ्यासोबत जेवते. तिच्या नोंदीत दार एकोणीस दिवस एक सूतही हललेलं नव्हतं. कोणीतरी हात बसवत होतं, आणि खेमराज रोज पाळीवर बसून त्याला आपली पोर समजत होता.

"मामा, आई कुठं आहे?"

"खाली, चरीत. नऊ जनी हायेत."

दाराच्या मागं अख्खा तलाव होता. घड्याळात बारा पन्नास. तिनं त्याला सांगितलं, बायांना वर काढा, आणि मोटर आणि दाराच्या स्क्रूमधली पिन काढा, म्हणजे मोटर फिरली तरी दार उचलणार नाही. वीज तोडून उपयोग नव्हता, पेटीला आणि मोटरला बॅटरी आहे. फोनमधून खेमराजची हाक ऐकू आली, मग बायांचा गलका, मग निर्मलाबाईचा आवाज: "काऊन? टोपली अर्धी बी नाई भरली." खेमराजनं तिला असा शब्द वापरला की तो मी लिहीत नाही. बाया वर आल्या. पिन गंजली होती. हातोडीचे घाव आम्ही मोजत बसलो. सव्वाला दोन मिनिटं कमी असताना पिन निघाली.

सव्वा वाजला. काही झालं नाही. एक वीस. दीड वाजला. फोनमध्ये कुठंतरी पाणकोंबडी ओरडत होती, बस्स. बाया हसायला लागल्या, एकेक करून पुन्हा खाली उतरल्या. खेमराज कंटाळून म्हणाला, "पिन लावू का वापस? मंग मी जेवतो."

इथं मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. मी म्हणालो, "लावू दे, भूमिका. उगाच बाऊ नको करू. म्हाताऱ्याला उन्हात कायले बसवते?" माझ्या चौतीस वर्षांच्या अनुभवाची किंमत एवढी. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "नाही," ती फोनमध्ये म्हणाली, "खिशात ठेवा."

एक वाजून बावन्न मिनिटांनी मोटर सुरू झाली.

ती फोनमधून ऐकू आली. आधी एक हुंकार, मग सरळ, एकसुरी गुरगुर. चरीतल्या बायांचा आवाज एकदम थांबला, नऊच्या नऊ जणींचा. दार उचललं जात नव्हतं, मोटर रिकामीच फिरत होती, पण ती मोठ्या निष्ठेनं फिरत होती. भूमिकाच्या पडद्यावर लिहिलेलं होतं: दार बंद, मोटर थांबलेली. ती त्याखाली बोट ठेवून बसली होती. पूर्ण दार उघडायला चार मिनिटं दहा सेकंद लागतात. मोटर चार मिनिटं दहा सेकंद फिरली आणि थांबली.

"मामा," ती म्हणाली, "पेटीवर कॅमेरा आहे ना, पाण्याची पट्टी बघायचा. त्यावर दुपट्टा टाका."

"टाकला," खेमराज थोड्या वेळानं म्हणाला. मग हळूच, "माय, चर दिसते का त्याच्यातून?"

"दिसते."

बाया वर होत्या तोवर पेटीत बसलेलं ते थांबलं होतं. मी एवढंच सांगतो, अंदाज करत नाही.

त्या दिवशी पेटी खोलून नेली. तक्रार दिली, कागद इकडून तिकडं गेला, आत कोण होतं ते कळलं नाही. धावडीटोल्यात आता पुन्हा चाक आहे. खेमराज तिच्याशी महिनाभर बोलू शकला नाही, मग एक दिवस एसटीनं घरच्या लाखोरीची पालेभाजी घेऊन आला आणि पायरीवर बसून रडला. निर्मलाबाई मात्र म्हणते, "मले काई झालं नाई ना, मंग कायले उकरता?" तिला मोटरचा आवाज आठवतो का, हे विचारायची माझी छाती नाही.

भूमिकानं काम सोडलं नाही. सोडशील का, असं मी विचारलं तर मलाच रागावली. फक्त एक काम वाढवलं आहे. नवा पॅच लावायच्या आधी ती दहाही पेट्यांत चोरासारखी शिरून बघते. भोक उघडं सापडलं की तिचा चेहरा सैल पडतो, मग चहा होतो. दुनिया उघड्या भोकाला भिते, आमच्या घरी ते सापडलं की बरं वाटतं.

परवा सकाळी असंच एक नवं भोक जाहीर झालं. नऊ पेट्या झाल्या, नऊही उघड्या. चहा उतू गेला तरी ती उठेना, म्हणून मी दारातून विचारलं, काय झालं?

"बुजलेलं आहे, काकाजी."

"कुठल्या तलावाचं?"

ती तोवर फोन लावत होती.