पाहुण्यासाठी भरलेल्या बाटल्या

सोलापुरात कोळशाची खाण नाही, पण म्हणून कोळशानं आपल्याला सोडलंय असं नाही. दूरच्या खाणीतला कोळसा मालगाडीनं कुर्डुवाडीच्या बाजूला उतरायचा आणि एका डेपोत उघड्यावर ढीग होऊन पडायचा. शेजारच्या विहिरींवर त्याचा काय परिणाम होतो, हे तपासायचं काम सात रस्त्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेकडे होतं. म्हणजे माझ्याकडे. शास्त्राची पदवी, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर बर्फाचा डबा. पाण्याची काळजी वाहायला आणखी काय लागतं?

डेपोला लागून एका धनगर मावशींचं शेत होतं. त्यांच्या विहिरीवर शेळ्या पाणी पीत. माणसं प्यायला गावच्या टाकीचं आणत. पाणी तपासणीत खराब निघालं, तर डेपोवाले गोठ्यापर्यंत टाकीचा नळ आणून देतील, असं ग्रामपंचायतीत ठरलेलं. दर महिन्याला मी पोचलो की मावशी बाज टाकायच्या, चहा ठेवायच्या. विहीर दोन शेतं पलीकडे, रस्त्यात ऊन. मी बाजेवरूनच म्हणायचो, "मावशी, तेवढ्या बाटल्या भरून देता का?" त्या हसून द्यायच्या. फॉर्मवर छापलेलं असे, 'नमुना मी स्वतः विहिरीतून घेतला.' खाली मी झोकदार सही ठोकायचो.

इकडे शेळ्या गाभ टाकत होत्या. "सायेब, पानी बगा की जरा. लई वंगाळ झालंय, जनावरं टिकंना झालीत," मावशी म्हणायच्या. मी गंभीर चेहऱ्यानं सांगायचो, "रिपोर्टमध्ये कळेल." रिपोर्टमध्ये कळायचं की पाणी उत्तम आहे. मग दोष शेळ्यांचाच असणार, असं मीही मनात धरून चाललो होतो. आंधळं दळत होतं आणि डेपो पीठ खात होता.

बाराव्या महिन्यात मावशी अक्कलकोटला लेकीकडे गेलेल्या. चहा नाही, बाज नाही. नाइलाजानं विहिरीवर जावं लागलं. पाण्यावर काळी साय धरलेली, पोहऱ्याचा दोर काळा. तो नमुना साफ नापास झाला.

पुढच्या खेपेला मी आनंदानं सांगितलं, "मावशी, आलं एकदाचं पाणी खराब!"

"हिरीचं भरलं व्हय तुमी?" त्या दचकल्या.

"मग कुठलं भरणार?"

"आवं, म्या तर टाकीचं देत व्हते. तुमी यायच्या दिशी डोक्यावर हंडा आनायची. उन्हाचं लांब जानार तुमी, पाव्हन्याच्या बाटलीत हिरीचं घान पानी कसं भरायचं?"

वर्षभरात ती बाटली कशासाठी असते, हे सांगायला मला सुचलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रयोगशाळेतले माझे साहेब म्हणाले, "अकरा चांगले, एक खराब. तूच बाटली नीट धुतली नसशील." तो एक खरा ठरवायचा, तर माझ्या अकरा सह्या खोट्या होत्या असं मला लिहून द्यावं लागणार होतं. "लिही की," साहेब म्हणाले, "फक्त नोकरीचं बघ." मी बघितलं. शिकलेली माणसं उथळपणे निर्णय घेत नाहीत, म्हणून मी चांगले तीन महिने बघितलं. मग लिहिलं. नोकरी काही गेली नाही. माझ्यासारख्यांची जात नसते.

नळ आला. मी पाहायला गेलो तेव्हा गोठ्यातलं टाकं काठोकाठ भरलं होतं आणि दावणीला एकही शेळी नव्हती. उरलेल्या चार शेळ्या मावशींनी आदल्याच महिन्यात बाजारात विकल्या होत्या.

"सायेब, माज्यामुळंच उशीर झाला न्हवं का?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी, माझ्यामुळे झाला," मी म्हणालो, आणि विहिरीवर न जाताच 'नमुना स्वतः घेतला' अशी अकरा वेळा सही केली होती, हेही सांगितलं.

त्यांना ते पटलं नाही. एवढा शिकलेला माणूस असं कसं करील, म्हणाल्या, आणि माझीच समजूत काढत बसल्या.