डावकाकूंची खोटी वही

कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांना सगळे डावकाकू म्हणत. वाढताना त्यांच्या हातातला डाव कधी चुकला नाही. दोनशे दहा ताटं, पण पहिल्याला जेवढी डाळ, तेवढीच शेवटच्याला. आणि वाढता वाढता तोंडाचा पट्टा चालूच. "अरे, एवढ्याने काय होतंय? चिमणीसुद्धा याहून जास्त खाईल! घे अजून." त्या स्वतः काय खातात, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

एकोणपन्नासावं लागलं आणि अंगाने दगा द्यायला सुरुवात केली. शेगडीसमोर उभं राहण्यात हयात गेलेली, पण आता शेगडी बंद असतानाही मानेपासून आगीचा लोळ वर चढायचा आणि पदर घामाने भिजायचा. पाळी दोन-दोन महिने तोंड दाखवायची नाही, आणि आली की दहा दिवस जायची नाही. मिठाचा डबा हातात धरून काकू मीठ शोधायच्या. एके दिवशी डाळीचं पातेलं उतरवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या फरशीवरच बसल्या.

कारखान्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ. "पाळी वगैरे नीट?" त्यांनी विचारलं. पुरुषासमोर काय सांगायचं? "नीट आहे," काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

ही बाई म्हणजे काकूंच्या लेकीच्या वयाची पोर. बोलायला गोड. "काकू, या वयात हाडं, स्नायू, रक्त, सगळ्यांची मागणी वाढते, आणि आपण बायका नेमकं आत्ताच कमी खातो. चार आठवडे तोंडात जाईल ते सगळं या वहीत लिहा. लपवायचं काही नाही."

घरी येऊन काकूंनी वही उघडली आणि पेन हातात तसंच राहिलं. खरं लिहायचं तर काय? सकाळी चहा दोन कप. दुपारी सगळ्यांचं वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळचा भात, तोही उभ्यानेच. चार वाजता चहात बुडवून सहा बिस्किटं. संध्याकाळी नवरा आणि लेक जेवून उठल्यावर उरेल ते. घरात कशाची ददात होती असंही नाही. अंडी डझनाने यायची, दूध यायचं, फळं यायची. ती वाटून टाकताना स्वतःला मोजायचं राहून जायचं, इतकंच. पण हे कागदावर उतरवायचं? दोनशे माणसांना जेवू घालणारी बाई स्वतः खरवड खाते, असं त्या पोरीला कळलं तर ती काय म्हणेल! लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण.

त्यांनी लिहिलं : "सकाळी दोन अंडी, एक पेला दूध." पहिली ओळ जड गेली. दुसऱ्या ओळीपासून हात सुटला. डाळ, पालेभाजी, दही, मूठभर शेंगदाणे. अक्षर मुळातच सुंदर. गोळ्यांच्या रकान्यात रोज एक बरोबरची खूण. प्रत्यक्षात गोळी रिकाम्या पोटी चहाबरोबर जायची, मळमळायचं, म्हणून दोन दिवसांआड राहायची.

आहारतज्ज्ञ बाई वही बघून हरखल्या. दर गुरुवारी त्या चाळिशी-पन्नाशीच्या सात-आठ बायकांना एकत्र बसवायच्या. "काकू, ही सगळ्यांना दाखवली तर चालेल ना?"

नाही म्हणायला कारण हवं. काकूंकडे ते नव्हतं.

वही हातोहात फिरली. टपाल वाटणाऱ्या एक बाई होत्या तिथे, अंगाने जाड, गुडघे दुखणाऱ्या, मनाने मोकळ्या. त्यांनी पान न् पान वाचलं. "एवढं सगळं रोज कसं जमतं हो तुम्हाला?"

"मनावर घेतलं की जमतं," काकू म्हणून गेल्या. जिभेला हाड नसतं ते असं.

पुढच्या दोन गुरुवारी टपालवाल्या बाई दिसल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी शेजारच्या बाईने सांगितलं, "ती नाही यायची आता. म्हणाली, माझ्यासारखीला नाही जमायचं. मान खाली घालून बसायला कशाला यायचं?" चोराच्या मनात चांदणं. त्या दिवशी कुणी नुसतं "काकू" म्हणून हाक मारली तरी त्या दचकत होत्या.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. साडेसात. आहारतज्ज्ञ बाईंचा चेहरा उतरला. "इतकं चांगलं खाऊन, रोज गोळी घेऊन कमी होतंय, म्हणजे आत कुठेतरी रक्त जात असणार." मोठ्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी पोटात नळी घालून तपासायची तारीख घेतली.

त्या सकाळी काकू इस्पितळाचा मागून बांधायचा झगा घालून, उपाशीपोटी बाकावर बसल्या होत्या. नवऱ्याने कामावर दांडी मारलेली. त्याने फाइल छातीशी धरली होती. एरवी बोलघेवडा माणूस, पण आज नुसता फाइलचे कोपरे दुमडत होता. मग एकदम म्हणाला, "अगं, तुला काही झालं तर मी..."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, मला काही झालेलं नाही," त्या पुटपुटल्या. "म्हणजे, आतलं काही नसेल. मी वहीत खोटं लिहिलंय. सगळं."

"काय खोटं?"

त्यांनी सांगितलं. चहा, खरवड, बिस्किटं, गोळ्या, आणि दहा-दहा दिवसांची पाळीसुद्धा, जी त्यालाही कधी धड सांगितली नव्हती. त्याने फाइल बाकावर ठेवली.

"माझ्या ताटात रोज अंडं असायचं," तो म्हणाला. "तुझ्या ताटात काय असायचं, ते आठवायला बघतोय. आठवतच नाही." त्याने मान खाली घातली.

काकू उठल्या. एका हाताने झगा मागे धरून, अनवाणी, त्या आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीपर्यंत चालत गेल्या. वाटेत दोन वॉर्डबॉय हसले असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

त्या पोरीने सगळं ऐकलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काकू, मी तुमच्या पोटात नळी घालायला लावणार होते हो." मग वही उघडून पानं चाळत म्हणाली, "एकही डाग नाही, एकही दिवस चुकलेला नाही. मलाच शंका यायला हवी होती."

डॉक्टरांनी नळीची तपासणी पुढे ढकलली. डॉक्टरीणबाईंनी काकूंना नीट तपासलं, रक्तस्रावावर औषध दिलं. गोळी चहाबरोबर नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने. सकाळी घरातून निघण्याआधी अंडं. आणि दुपारी आधी स्वतःचं ताट भरून, बसून जेवायचं, मग बाकीच्यांना वाढायचं.

हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी काकू कँटीनच्या कोपऱ्यात ताट घेऊन बसल्या तर अख्खी रांग त्यांच्याकडे बघायला लागली. एक फिटर काळजीने जवळ आला. "काकू, बरं नाही वाटत का? बसलात ते?" काकूंचे कान तापले. पाण्याचा घोट घेत घेत त्यांनी कसंबसं ताट संपवलं.

त्या गुरुवारी त्यांनी सगळ्या बायकांसमोर खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत गेल्या. टपालवाल्या बाई पत्रं लावत होत्या. "ती वही खोटी होती," काकू म्हणाल्या. "मलाही जमत नव्हतं."

बाईंचे हात थांबले नाहीत. "मी घरी म्हटलं होतं, बघा, तिला जमतं, मीच करंटी. तीन आठवडे स्वतःला शिव्या घातल्या मी."

"चुकलं माझं."

"चुकलंच." त्यांनी एक गठ्ठा दोरीने आवळला. "येईन की नाही, सांगता येत नाही."

दोन गुरुवार गेले. तिसऱ्या वेळी त्या आल्या आणि काकूंपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसल्या.

पाच महिन्यांनी काकूंचं हिमोग्लोबिन साडेअकरावर आलं. जिना आता एका दमात चढता यायचा. अंगातली आग पुरती गेली नव्हती, पण रोजची राहिली नव्हती. आहारतज्ज्ञ बाईंनी तो आकडा गुरुवारी सगळ्यांना सांगितला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. टपालवाल्या बाईंनी मात्र हात मांडीवरच ठेवले.

"या वेळी खरं ना?" त्यांनी विचारलं.

बायका खो खो हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्या उठल्या, खोलीच्या त्या टोकापर्यंत गेल्या आणि पिशवीतून अहवालाचा कागद काढून बाईंच्या हातात दिला. "तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या, आणि बाईंचं वाचून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.